मशिदीतलं लग्न: बेने इस्राएल लग्नाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या घरात लग्न निघालं की माझ्या फोनला उसंत नसते. ऑफिसातली मैत्रीण विचारते, साडी कुठल्या रंगाची नको? शेजारचे काका विचारतात, आहेर चालतो का? आणि होणारी सून ज्यू नसलेल्या घरात वाढलेली असेल, तर तिची आई दबक्या आवाजात विचारते, "तिथं नेमकं करतात काय हो?" प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. पत्रिकेवर सिनेगॉग लिहिलेलं असतं, पण आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणतात. मुंबईत मशीद बंदर भागातलं १७९६ सालचं शार हारहमीम हे आमचं सगळ्यांत जुनं प्रार्थनालय, आणि त्याची ओळख आजही 'जुनी मशीद' अशीच आहे. पुण्यात मात्र व्यापारी डेव्हिड ससूनच्या पैशातून १८६७ मध्ये उभं राहिलेलं ओहेल डेव्हिड गावाच्या तोंडी 'लाल देऊळ' झालं. त्यामुळे "मशिदीत लग्न आहे" असं कुणी पेणकर किंवा दिवेकर म्हणाला, तर गोंधळू नका. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचे आम्ही वंशज, अशी आमची परंपरा सांगते. कोकणात तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून आम्हाला शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडली, भाषा मराठी राहिली आणि लग्नात दोन्हीकडचं मिसळलं. पुढे जे सांगते त्यातलं काही जगभरच्या ज्यूंचं आहे, काही फक्त आमचं. कुठलं कुठलं ते सांगत जाईन.

तारीख

शनिवार नाही. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ असतो. त्या वेळात लग्न लागत नाही, आणि घरच्यांना फोन करून "हॉल कुठला म्हणालात?" असंही विचारू नये. सणाच्या दिवशीही लग्न नाही. पेसाह आणि शाबुओथ या सणांच्या मधल्या ४९ दिवसांचा बराचसा भाग वर्ज्य असतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत गावभर लग्नसराई चालू असताना आमच्याकडे सामसूम असते. पुढे जुलै-ऑगस्टच्या सुमारास तीन आठवडे पुन्हा बंद, कारण ते जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचे दिवस.

चांगला वार विचाराल तर मंगळवार. बायबलच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवसाच्या (रविवारपासून मोजलं तर मंगळवारच्या) वर्णनात "ते चांगलं आहे" असं देवानं दोनदा म्हटलंय, म्हणून तो वार दुप्पट शुभ. पण मुंबईच्या लोकलला आणि रजेच्या अर्जाला हे कळत नाही, त्यामुळे बहुतेक पत्रिका रविवारच्याच निघतात.

मेंदी आणि मलिदा

लग्नाच्या आदल्या रात्री मेंदी असते. तिथं तुम्हाला काहीच परकं वाटणार नाही: हिरवा चुडा, बायकांची मराठी गाणी, मामीची लगबग. इस्राएलमध्ये अश्दोद किंवा दिमोनाला गेलेल्या आमच्या लोकांनी बाकी बरंच सोडलं, पण मेंदी सोडली नाही. तिथं तर ती लग्नाइतकीच थाटात होते.

मलिदा मात्र नीट पाहा, कारण तो फक्त आमच्याकडे आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं आणि एक गुलाब, असं मोठं ताट मांडतात. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं स्तवन म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी आमची श्रद्धा. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीत उगवणाऱ्याचा वेगळा, सुवासाचाही वेगळा. प्रत्येक आशीर्वाद झाला की ती वस्तू हातात येते, वास घ्यायची असेल तर वास घ्या, खायची असेल तर खा. मध्येच पोह्यांकडे हात नेऊ नका. लहानपणी मी नेला होता आणि आजीनं सगळ्यांदेखत फटका दिला होता.

घरून निघताना

ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ च्या नोव्हेंबरात नरीमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून प्रार्थनालयांच्या दारावर पोलीस आणि पिशव्यांची तपासणी असते. त्यात तुमच्यावर अविश्वास नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसेल तर दारात मिळते, तीही संपली तर रुमाल चालतो. बायकांनी डोक्यावरून पदर किंवा ओढणी घ्यावी. नवरी बहुधा पांढऱ्या साडीत असते, तेवढा रंग तिला सोडा. पांढरा रंग इथं शोकाचा नाही. जुन्या इमारतींत बायकांची बसायची सोय वरच्या सज्जात असते. खाली बसायचं की वर, ते दारातल्या माणसाला विचारा.

आहेर चालतो. फक्त पेढे-बर्फी आणू नका. जेवणात मटण असेल तर त्याच्याबरोबर दुधाचं काही वाढता येत नाही, आणि तुमचा बॉक्स बिचारा तसाच बाजूला पडून राहतो. सुकामेवा किंवा फळं आणली तर प्रश्नच नाही.

नवरी येते तेव्हा

मध्यभागी उंचवटा असतो, त्याला तेवा म्हणतात. एरवी तिथून तोराचं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचं, वाचन होतं. नवरा आधीच तिथं उभा असतो. नवरी दारातून आत आली की तो तिच्याकडे पाहून हिब्रू गाणं म्हणायला लागतो, 'योनाती झीव यिफातेख', म्हणजे माझ्या कबुतरा, तुझ्या रूपाचं तेज. आवाज बेसूर असला तरी त्यालाच सुरुवात करावी लागते, मग सगळी मंडळी त्याला सांभाळून घेतात. सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. हिंदी सिनेमांतल्या परदेशी लग्नांमुळे लोक विचारतात, नवरी नवऱ्याभोवती सात फेरे घेते ना? ती युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंची रीत. लग्नाआधी नवऱ्यानं नवरीचा चेहरा बघून मग बुरखा खाली सोडायचा, हीही त्यांचीच. बायबलमधल्या याकोबाला लग्नात फसवून राहेलच्या जागी तिची बहीण लेआ दिली होती, त्याची आठवण म्हणून. आमच्याकडे नवरी उघड्या तोंडानं समोरून चालत येते, फसवणुकीला जागाच नाही.

डोक्यावर चार खांबांचं छत किंवा चौघांनी धरलेली प्रार्थनेची शाल असते, तिला हुप्पा म्हणतात. हे झालं त्या दोघांचं घर. ते चारही बाजूंनी उघडं असतं, आणि याचा अर्थ सांगताना हज्जान आमच्या मूळपुरुषाच्या, अब्राहामाच्या, तंबूची आठवण काढतात. त्या तंबूत वाटसरूला कुठूनही शिरता यायचं. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा, भटजींच्या जागी तोच समजा. तरी एक फरक आहे. लग्न हज्जान लावत नाही. ते नवरा-नवरी दोन साक्षीदारांसमोर स्वतः करतात, आणि साक्षीदार दोघांच्याही नात्यातले चालत नाहीत. हज्जान फक्त चूक होऊ देत नाही.

अंगठी

आधी प्याल्यावर आशीर्वाद. त्यात द्राक्षांची वाइन असते, नाहीतर काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत. कोकणात वाइन मिळत नव्हती, म्हणून हे आमचं जुनं उत्तर. दोघं त्याच पेल्यातून पितात. मग नवरा तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो आणि म्हणतो: "हरे आत मेकुदेशेत ली बेतब्बअत झो केदात मोशे वेयिस्राएल." मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे या अंगठीनं तू माझ्यासाठी पवित्र झालीस. कायद्याच्या नजरेत लग्न या एका वाक्यावर उभं आहे.

अंगठी साधी, खड्याविना हवी. खड्याची किंमत नवरीला नेमकी कळणार नाही, आणि व्यवहारात फसवणूक नको. ती नवऱ्याच्या मालकीचीही हवी. माझ्या मावसभावाच्या लग्नात हज्जानांनी विचारलं, "अंगठी कुणाची?" तर काका छाती पुढे काढून म्हणाले, "माझी! मीच घेतली." सगळा समारंभ थांबला. मग काकांनी ती मुलाला रीतसर बक्षीस दिली, मुलानं हातात घेतली, आणि पुढचं सुरू झालं. अंगठी घेताना बिल कुणाचंही असू द्या, ती आधी मुलाच्या हाती सोपवा.

नवरी काही बोलत नाही, म्हणून तिला विचारलेलंच नाही असं वाटेल. तसं नाही. तालमूद या आमच्या धर्मकायद्याच्या ग्रंथाचा नियम स्पष्ट आहे, बाईच्या संमतीशिवाय लग्न होत नाही. बायबलमधल्या रिबकेला तिच्या घरच्यांनी समोर बोलावून विचारलं होतं, "या माणसाबरोबर जातेस का?" आणि ती म्हणाली, "जाते." बोट पुढे करणं हा नवरीचा होकार.

केतुबा: इथं गप्पा मारू नका

अंगठी झाली की पाहुणे सैलावतात. फोटोवाला बॅटरी बदलतो, मागच्या बाकांवर कुजबूज सुरू होते. कारण आता हज्जान एक लांबलचक कागद वाचतात, आणि तो अरामी भाषेत असतो. तीच खरी ऐकायची वेळ. मी लग्न झालेल्या मुलींना विचारते, तुझ्या केतुबात काय लिहिलंय? दहातल्या नऊजणींना माहीत नसतं.

केतुबा हा करार आहे, आणि तो एका बाजूनं आहे: नवऱ्याची कर्तव्यं त्यात आहेत, बायकोची नाहीत. तो म्हणतो, मी तुझ्यासाठी कष्ट करीन, तुझा मान राखीन, तुला खाऊ घालीन, तुझं पोषण करीन. प्रेमाचा शब्द त्यात नाही. मला ते आवडतं. प्रेमाचं वचन कोर्टात सिद्ध करता येत नाही, जेवणाचं येतं.

पुढे रक्कम येते. पहिल्या लग्नाला २०० झूझ (जुनी चांदीची नाणी), विधवा किंवा घटस्फोटित बाईला १००. नवरा मेला किंवा त्यानं तिला सोडलं, तर ही रक्कम तिची. ती बुडू नये म्हणून तो आपली सगळी मालमत्ता तारण ठेवतो, "माझ्या खांद्यावरच्या अंगरख्यासकट". हे शब्दच केतुबात आहेत. तालमूद कारणही लपवत नाही: बायकोला हाकलणं त्याला सोपं वाटू नये.

आणि तिसरं, ज्यावर हज्जान आवाज जरा खाली आणतात. अन्न आणि वस्त्र यांच्याबरोबर शय्यासुख हा बायकोचा हक्क आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातून तो येतो. लक्ष द्या, हक्क तिचा आणि देणं त्याचं. मिश्नानं, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेनं, तर धंद्यानुसार वेळापत्रकच लावलंय: रिकामटेकड्यानं रोज, मजुरानं आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्यानं आठवड्याला, उंटवाल्यानं तीस दिवसांतून एकदा, खलाशानं सहा महिन्यांतून एकदा. मग प्रश्न आला, गाढववाल्याला उंट घेऊन जास्त कमवायचं असेल तर? तालमूदचं उत्तर असं की कमाई थोडी असली तरी चालेल, पण नवरा घरी असावा, हेच बायकोला बरं वाटतं. दुबईची नोकरी धरायच्या आधी किंवा जहाजावर चढायच्या आधी बायकोला विचारायला हवं, हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

घरकामाचंही मिश्नात आहे. दळण, भाजणं, धुणं, स्वयंपाक, मुलाला पाजणं, अंथरूण घालणं, लोकर विणणं ही कामं बायकोची. मात्र माहेरून एक मोलकरीण आणली की दळण, भाजणं, धुणं सुटलं. चार आणल्या तर खुर्चीत बसून राहावं. त्यावर रब्बी, म्हणजे धर्मपंडित, एलीएझर म्हणतात, शंभर आणल्या तरी लोकर विणावी, रिकामपण वाईट. दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाटणी आज कुणी जशीच्या तशी पाळावी असं मी म्हणणार नाही. पण लग्नाआधी बसून कामं मोजायची, हे मात्र उचलण्यासारखं आहे. आमच्याकडे मुलीकडचे लोक साखरपुड्याला हॉल, दागिने, पंगत सगळं मोजतात. भांडी कोण घासणार हे कुणी विचारत नाही.

वाचून झालं की केतुबा नवरीच्या हातात देतात. ती तिची. नवऱ्यानं कपाटात ठेवायची नसते.

सात आशीर्वाद आणि एक फुटका ग्लास

दुसरा पेला भरतात आणि सात आशीर्वाद होतात. पूर्वी अंगठी आणि हे आशीर्वाद यांच्यात बारा महिन्यांपर्यंत अंतर असे. मुलगी तोवर माहेरीच राहायची. मध्ययुगात दोन्ही एकाच दिवशी आणले गेले. केतुबाचं वाचन मधे ठेवलं, म्हणजे दोन टप्पे वेगळे राहिले. आशीर्वादांना दहा ज्यू पुरुषांची गणसंख्या लागते, म्हणून कधी कधी कुणीतरी बाहेर धावत जाऊन पार्किंगमधल्या मामाला घेऊन येतं. शेवटच्या आशीर्वादात आनंदासाठी शब्दांची रासच आहे. तिथं हर्ष आहे, गाणं आहे, प्रेम आहे, आणि शेवटाकडे बंधुभाव, शांती, मैत्री. क्रम मला नेहमी विचार करायला लावतो. प्रेम आधी येतं, मैत्री सगळ्यांत शेवटी.

मग नवरा ग्लास फोडतो आणि सगळे "मझल तोव!" म्हणून ओरडतात. तो आनंदाचा फटाका आहे असं पाहुण्यांना वाटतं. खरं तर तो शोक आहे. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. स्तोत्रात शपथ आहे, जेरुसलेम, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो. तालमूदमध्ये एका लग्नाची गोष्ट येते. मुलाच्या लग्नात रब्बी मंडळी फारच चेकाळलेली बघून बापानं चारशे झूझचा किमती प्याला आणून त्यांच्यासमोर फोडला, आणि सगळे गप्प झाले. केतुबाची रक्कम दोनशे, प्याला चारशेचा. त्या बापाचा हिशेब मला अजून कळलेला नाही.

शेवटी लोक एकमेकांचे हात हातात घेऊन स्वतःची बोटं ओठांना लावताना दिसतील. ही आमची हातबोशी. तुमच्यापुढे कुणी हात केला तर तसंच करा, सगळ्यांना बरं वाटेल.

पंगत संपल्यावर

घरी सात दिवस जेवणं चालू असतात. प्रत्येक दिवशी पंगतीत आधी न आलेला एक तरी माणूस हवा, तरच सात आशीर्वाद पुन्हा म्हणता येतात. तोराच्या नियमाप्रमाणे नवविवाहित माणसाला वर्षभर लढाईवर पाठवायचं नाही. त्यानं घरी राहून बायकोला आनंद द्यायचा.

आता नव्या सुनेच्या आईसाठी, जिला हे कुणी स्पष्ट सांगत नाही. पाळीच्या दिवसांत आणि ती थांबल्यावर मोजून सात दिवस नवरा-बायको एकमेकांना स्पर्श करत नाहीत. मग ती मिकव्यात बुडी घेते. मिकवा म्हणजे पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी साठवलेलं कुंड. समुद्रही चालतो, आणि कोकणच्या बायकांना तो काही दूर नव्हता. पहिली बुडी नवरी लग्नाआधीच घेते. आपल्याकडच्या बाजूला बसण्याशी याची गल्लत होते. इथं तिनं स्वयंपाकघरात जायचं नाही किंवा वस्तूंना शिवायचं नाही, असं काही नाही. बंधन फक्त नवरा-बायकोत, आणि तितकंच ते त्याच्यावरही. किती पाळायचं हे आज घरागणिक वेगळं आहे. मी त्यात कुणाला सल्ला देत नाही. लग्नाआधी दोघांनी बोलून घ्यावं एवढंच सांगते.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र कुणाचीही चुकवू नये. बायको दिवे लावते, नवरा प्याला हातात घेऊन आशीर्वाद म्हणतो, आणि कित्येक घरांत बायबलच्या नीतिसूत्रांमधलं कर्तबगार बायकोचं स्तवन म्हणतात. आठवड्यातून एकदा नवऱ्यानं बायकोचं कौतुक तोंडानं म्हणायचं, आणि तेही पोरांसमोर.

कागदपत्रं

मुलगा किंवा मुलगी ज्यू नसेल, तर प्रार्थनालयात लग्न लागत नाही. तेव्हा १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते, तेवढा वेळ हाताशी धरा. धर्मांतर हे लग्नाच्या घाईत उरकायचं काम नाही.

घटस्फोटाची वेळ कुणावर येऊ नये, पण एक ठाऊक असावं. धर्माच्या नजरेत नवऱ्यानं बायकोच्या हातात गेत नावाचा लेखी कागद द्यावा लागतो. कोर्टाचा हुकूम हाती आला तरी गेत नसेल तर तिला धार्मिक रीतीनं पुन्हा लग्न करता येत नाही, आणि नवरा अडून बसला तर ती अडकून राहते. ज्या कायद्यानं केतुबा लिहून तिला सांभाळलं, त्याच्यातलीच ही भेग आहे, आणि मला ती बोचते. जगभर अनेक जोडपी आता लग्नाआधी वेगळा करार करून ही वाट बुजवतात. हज्जानांना विचारून तोही करून घ्या.

इस्राएलला जायचा विचार असेल, तर केतुबा जीवापाड जपा. तिथं नागरी विवाह नाही, लग्न रब्बींच्याच हाती आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी बेने इस्राएल लोकांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली आणि आई, आजी, पणजीची चौकशी मागितली. आमच्या लोकांनी उपोषणं केली, धरणी धरली, आणि १९६४ मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. तेव्हापासून आमच्या घरात आजीची केतुबा, आईची आणि माझी एकाच पत्र्याच्या डब्यात आहेत, खाली रेशनकार्ड. लॅमिनेट करू नका, शाई खराब होते. साध्या कागदात गुंडाळा, वर एक कापूर ठेवा, आणि एक झेरॉक्स मुलीकडे द्या.